बंधारा मागताना

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या मामूंच्या गावात जमातीची बैठक झाली. विषय एकच होता, कब्रस्तान. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या मुखाशी हे गाव आहे. कब्रस्तानाची समुद्राकडची भिंत आदल्या पावसाळ्यात पायापासून उघडी पडली होती. आणखी दोन पावसाळे असेच गेले तर त्या बाजूच्या कबरींचे काय होणार, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी करायची, असे एकमताने ठरले. अर्ज वाचून दाखवला गेला, सह्या सुरू झाल्या. एक वयस्कर तांडेल पेन हातात घेऊन थांबले आणि म्हणाले, "बंधारा झाला की होड्या ओढायच्या कुठे?" कुणी उत्तर दिले नाही. मग त्यांनी सही केली. त्यांच्या खाली माझी सही आहे.

मी ती सही का केली आणि आज केली असती का, हे मला इथे मांडायचे आहे.

किनाऱ्यावरच्या वस्तीला सरकारकडून मिळणारी सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे बंधारा. त्याचे भूमिपूजन होते, फलक लागतो, निवडणुकीच्या भाषणात त्याचे आकडे येतात. मोहल्ल्यातल्या माणसालाही ते काळे दगड पाहून वाटते की चला, कुणीतरी आपली दखल घेतली. ज्या वस्तीची दखल वर्षानुवर्षे कुणी घेतलेली नाही, तिथे ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझ्या सहीमागेही तीच होती. पण दगड आल्यावर समुद्र काय करतो, हा प्रश्न बैठकीत फक्त त्या तांडेलांना पडला.

कोकणचा किनारा सलग वाळूचा नाही. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये एक पुळण, मग खाडी, मग पुन्हा खडक, असा तो आहे. पावसाळ्यात उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा उंचवटा तयार करतात. पुढच्या मोठ्या लाटा त्या उंचवट्यावरच फुटतात. म्हणजे पुळणीने गमावलेली वाळूच पुळणीचे रक्षण करत असते. समुद्र शांत झाला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या कुणालाही हे वर्षाचे देणे-घेणे ठाऊक असते. पुळणीवर बंधारा उभा राहिला की लाट उतारावर चढून दमत नाही. ती दगडावर आपटून मागे फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू उकरते. समोरचे पाणी खोल होते, खोल पाण्यातून आणखी मोठी लाट थेट आत येते, दगड घसरतात. मग दुरुस्तीचे टेंडर निघते. आणि बंधारा जिथे संपतो, त्या टोकापलीकडे धूप वाढते. पुढच्या वर्षी शेजारचे गाव अर्ज घेऊन उभे असते.

आमच्या खाडीच्या पलीकडच्या वाडीत हे होऊन गेले आहे. तिथे बंधारा येऊन बरीच वर्षे झाली. घरे वाचली, हे खरे. पण पुळण गेली. होड्या आता शेजारच्या गावाच्या किनाऱ्यावर लावतात आणि त्यावरून दर हंगामात वाद होतो. बायका पूर्वी वाळूवर काठ्या रोवून बोंबील वाळवायच्या, खाली सुकट पसरायच्या. आता ते वाळवण डांबरी रस्त्याच्या कडेला आणि पत्र्यांवर चालते, अर्धा माल धुळीने खराब होतो आणि व्यापारी भाव पाडून मागतो. बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात या नुकसानीचा रकाना नसतो.

मी दगडाच्या सरसकट विरोधात नाही. रत्नागिरीजवळच्या मिऱ्यात जाऊन पाहा. तिथला बंधारा पावसाळ्यागणिक खचत गेला आणि दुरुस्त होत गेला. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचे जहाज भरकटत येऊन तिथेच अडकले आणि पुढे वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले. मिऱ्यात घर आणि पाणी यांच्यात अंतरच उरलेले नाही. तिथे आज कुणी 'झाडे लावा' म्हटले तर ती थट्टा होईल. माझी हरकत, अजून अंतर शिल्लक असलेल्या गावांनाही तेच एक औषध देण्याला आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला देशाचा किनारा तपासला, तेव्हा त्यातला सुमारे एक तृतीयांश झिजतो आहे असे दिसले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. फयान २००९ मध्ये आले. मग २०२० आणि २०२१ अशा लागोपाठच्या वर्षी निसर्ग आणि तौक्ते. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली वादळे वाढत आहेत, हे पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. इतक्या किनाऱ्याला पुरेल एवढा दगड काढायचा तर कोकणातले किती डोंगर फोडावे लागतील, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

अंतर शिल्लक असलेल्या किनाऱ्यावर काय करता येते? पुळणीच्या वरच्या अंगाला, भरतीची रेघ संपते तिथे, जांभळ्या फुलांची एक वेल जमिनीसरपट पसरलेली असते. मराठीत तिचे नाव मर्यादवेल. ती वाळू धरून ठेवते, वाऱ्याने उडून आलेले कण अडवते आणि हळूहळू वाळूची टेकडी उभी राहते. तिच्या मागे केवडा, मग उंडी. वादळाच्या दिवशी ही टेकडी थोडी झिजते, पण मागची वस्ती वाचते. रिसॉर्ट, पार्किंग किंवा 'बीच सुशोभीकरण' आले की बुलडोझरखाली सर्वांत आधी जाते ती हीच वेल, कारण कागदोपत्री ती कुणाचीच नसते. त्या जागी सुरूच्या रांगा लावल्या की हिरवळ दिसते आणि फोटोही चांगला येतो, पण एकाच जातीच्या झाडांची रांग म्हणजे वाळूची टेकडी नव्हे.

खाडीत हे काम कांदळवन करते. तिवर आणि कांदळ यांची मुळे पाण्याचा वेग तोडतात आणि गाळ धरतात. ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. नंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या ४०० हून अधिक गावांचा अभ्यास झाला. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये ज्यांच्याकडे कांदळवनाचा रुंद पट्टा होता, त्या गावांत मृत्यू लक्षणीय कमी होते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी कांदळवनाचे भक्त फारशी सांगत नाहीत. वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने झाडांपेक्षाही जास्त जीव वाचवले.

इंडोनेशियातले जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचे उदाहरण मला आपल्यासाठी अधिक उपयोगाचे वाटते. देमाक जिल्ह्यात कोळंबी आणि मासळीच्या तलावांसाठी कांदळवन तोडले गेले आणि काही ठिकाणी समुद्र किलोमीटरभराहून अधिक आत आला. काँक्रीटच्या भिंती मऊ चिखलात टिकल्या नाहीत. मग तिथे बांबूचे खांब रोवून त्यांच्यामध्ये फांद्या भरल्या आणि त्यांचे कुंपण समुद्रात उभे केले. कांदळाची मुळे जे करतात त्याची ही नक्कल. पाणी फांद्यांमधून आत येते, लाटेचा जोर तुटतो, गाळ मागे बसतो. जिथे गाळ पुरेसा साचला तिथे कांदळ आपोआप उगवले, रोपे लावावी लागली नाहीत. पण खांबांना पाण्यातली कीड लागते, त्यामुळे कुंपण सतत दुरुस्त करत राहावे लागते. त्याहून मोठी अडचण म्हणजे शेजारच्या सेमारांग शहराच्या परिसरात भूजल एवढे उपसले जाते की जमीनच खचते आहे. गाळ जितका बसतो त्यापेक्षा जमीन लवकर खाली जाते, आणि काही कुटुंबांना गाव सोडावे लागले. निसर्गाची नक्कल करून बांधलेले कुंपणही बाकीच्या चुका भरून काढत नाही. आपल्याकडे खाड्यांतून सक्शन पंपाने रेती उपसली जाते, तिचाही विचार याच प्रश्नात करावा लागेल. किनाऱ्याकडे येऊ शकणारी वाळू खाडीतूनच ट्रकमध्ये चढत असेल, तर मर्यादवेल काय धरून ठेवणार?

आता आपल्याच दारातली गोष्ट. कोकणात खारबंदिस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मातीचा बांध, त्याला उघाडी, आत भातशेती, आणि बांधाच्या बाहेर तिवरांची रांग, जी लाटेचा पहिला मार खाते. गाव मिळून बांध घालत असे आणि गाव मिळून दुरुस्त करत असे. ती पद्धत मोडली. बांधांना खांडी गेल्या, खारे पाणी शेतात शिरले आणि शेतात तिवरे उगवली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवन तोडण्यावर सक्त बंदी घातली, ती योग्यच आहे. पण रायगडमधला लहान शेतकरी विचारतो की माझ्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत बांध फुटल्यामुळे झाडे आली, आता मी ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणू शकत नाही, मग माझे काय? दुसरीकडे, डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार कांदळवृक्ष तोडायची परवानगी त्याच न्यायालयातून मिळाली. रेल्वेचा मार्ग हे सार्वजनिक हित ठरते, पाच गुंठ्यांचे भात ठरत नाही.

म्हणून 'निसर्गाधारित संरक्षण' हे शब्द सरकारी कागदावर आले की मी सावध होतो. कांदळवन राखीव वन झाले, त्याला तारेचे कुंपण पडले, आणि ओहोटीला कालवे फोडायला, चिंबोऱ्या धरायला जाणाऱ्या बाईला 'अतिक्रमण' म्हणून हाकलले, तर तिच्या दृष्टीने दगडी बंधारा आणि हिरवा बंधारा यांत फरक काय? राज्याच्या कांदळवन कक्षाने खेकडापालन आणि कालवांच्या शेतीच्या योजना आणल्या आहेत, त्या चांगल्या आहेत. पण योजनेचा लाभार्थी होणे आणि किनाऱ्यावर हक्क असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मच्छीमार वस्त्यांचे सीमांकन हा प्रश्न कोळीवाड्यांच्या निमित्ताने अनेक वर्षे गाजतो आहे. दालदी आणि इतर मुस्लिम मच्छीमारांचे मोहल्ले त्या चर्चेत क्वचितच असतात, आणि यात आपलाही दोष आहे. आपण मच्छीमार म्हणून, किनाऱ्याचे रहिवासी म्हणून कोळी, भंडारी, गाबीत बांधवांबरोबर मागणी करायला कमी पडलो. आपले अर्ज मशीद, मदरसा, कब्रस्तान इथून सुरू होतात आणि तिथेच संपतात. वाळवणाची जागा, होड्या ओढायची जागा, घराखालची जमीन कुणाच्या नावावर, हे प्रश्न ग्रामसभेत मांडायला जमात जात नाही. तिथे शेजारच्या वाड्यांचेही तेच प्रश्न असतात, आणि तिथे गेलो तर एका गावाच्या बंधाऱ्याने दुसऱ्या गावाची पुळण का खायची, हेही एकमेकांच्या तोंडावर बोलावे लागेल.

आमच्या गावच्या अर्जाचे पुढे काय झाले? बंधारा अजून आलेला नाही. पाऊस ओसरल्यावर पुन्हा बैठक झाली, आणि या वेळी त्या तांडेलांना आधी बोलू दिले. त्यांनी काठीने जमिनीवर रेघा ओढून दाखवल्या. दगड फक्त कब्रस्तानापुरता आणि होईल तितका जमिनीच्या बाजूला, उत्तरेची पुळण होड्यांसाठी मोकळी, खाडीच्या अंगाला तिवरांना हात लावायचा नाही. दुरुस्त अर्ज तसा लिहिला आणि तो ग्रामसभेत ठेवायचे ठरले. मग कुणीतरी हळूच म्हणाले की नवीन दफन तरी वरच्या अंगाला करू या. बराच वेळ शांतता होती. ज्यांचे आईवडील त्या समुद्राकडच्या ओळीत आहेत, ते मान खाली घालून बसले होते. शेवटी तेही मान्य झाले. वरची जागा ठरलीही आहे, डोंगराच्या पायथ्याशी, आंब्याच्या दोन झाडांखाली. ती सरकारी आहे की खासगी, याचा उतारा तलाठी कार्यालयातून अजून मिळालेला नाही.