गावाला आल्यावर फोन का झोपत नाही

मुंबईत दिवसभर पुरणारी बॅटरी पोलादपूरच्या वाडीवर आली की दुपारीच मान टाकते, ही तक्रार गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या तोंडून हमखास ऐकू येते. मग कंपनीला शिव्या, आणि शेवटी महाडच्या बाजारात जाऊन नवी बॅटरी. विनंती एवढीच, की पैसे घालवण्याआधी फोन झोपतो का ते बघा.

स्क्रीन काळी झाली म्हणजे फोन झोपला, असे नव्हे. स्क्रीन बंद झाल्यावर आतला प्रोसेसरही विसावायला हवा. 2015 साली आलेल्या अँड्रॉइड 6 पासून तर नुसता ठेवून दिलेला फोन गाढ झोपतो आणि मधून मधून जागा होऊन मेसेज तेवढे बघतो. पण एखादे ॲप त्याला जागे धरून ठेवू शकते. याला वेकलॉक म्हणतात. गाणी ऐकताना, नकाशा लावून कशेडी घाट उतरताना तो हवाच. गाडी घरी पोचली तरी ॲपने पकड सोडली नाही, की रात्रभर चार्जिंग उतरत राहते.

आपल्याकडे याहून मोठे कारण म्हणजे डोंगर. टॉवर लांब किंवा डोंगराआड असला की फोनला जास्त ताकद लावून बोलावे लागते, दरीपलीकडच्या वाडीला हाक मारताना आपण घसा ताणतो तसे. रेंज पार गेली तर तो पुन्हा पुन्हा शोधत बसतो. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी. त्यामुळे वाडीत ज्या सिमला रेंज येतच नाही, ते सेटिंगमध्ये जाऊन तेवढ्यापुरते बंद करा. 5G येऊन-जाऊन असेल तर नेटवर्क 4G वर ठेवा. चार्जिंगमधला फरक लगेच कळतो.

दोष रेंजचा की ॲपचा, हे ओळखायला दोन रात्री पुरतात. पहिल्या रात्री झोपताना किती टक्के आहे ते कागदावर लिहा, फोन चार्जिंगला न लावता ठेवा, सकाळी परत बघा. दुसऱ्या रात्री तेच, पण फ्लाइट मोड लावून आणि वाय-फाय बंद करून. दुसऱ्या रात्री चार्जिंग जेमतेमच उतरले, तर खोट रेंजमध्ये किंवा नेटवर चालणाऱ्या ॲपमध्ये आहे. दोन्ही रात्री सारखेच उतरले, तर नेटशिवायही जागे ठेवणारे एखादे ॲप असेल किंवा बॅटरीच म्हातारी झाली असेल.

ॲपचा संशय आला की सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर उघडा. जे ॲप तुम्ही दिवसभरात फारसे उघडले नाही, तरी यादीत वर बसले आहे, तोच चोर. त्याला बॅकग्राउंडमध्ये रिस्ट्रिक्ट करा, लोकेशनची परवानगी 'वापरताना फक्त' एवढीच ठेवा, नको असेल तर काढून टाका. दर पाच मिनिटांनी सगळी ॲप सरकवून बंद करण्यात अर्थ नाही, त्यातली बरीचशी परत उठतात. आणि बॅटरी वाचवतो म्हणून सांगणारी, जाहिराती दाखवणारी ॲप सर्वात आधी उडवा. ती स्वतःच फोन जागा ठेवतात.

एक बारीक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शर्टाच्या वरच्या खिशात फोन घालून माणूस लावणीला वाकतो, सरळ होतो, परत वाकतो. उचलल्यावर स्क्रीन लागण्याची सोय चालू असेल तर फोन त्या हालचालीने उठू शकतो. शेतावर जाताना ती बंद ठेवा.

हे सगळे पावसाच्या आधी उरका. 22 जुलै 2021 ला महाडच्या बाजारपेठेत पुराचे पाणी भरले, तळियेवर दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. अशा वेळी लाईट जाते, टॉवर बंद पडतात, आणि टॉवर परत सुरू होतो तेव्हा हातातल्या फोनमध्ये चार्जिंग उरलेले असावे लागते.

म्हणूनच वर सांगितलेली फ्लाइट मोडची रात्र कोरडी निवडा. दरडीच्या छायेतल्या वाडीवर मुसळधार पावसात सगळ्यांचेच फोन फ्लाइट मोडवर टाकू नका. तहसीलचा निरोप किंवा धोक्याचा इशारा पोचायला एक तरी फोन चालू हवा. लाईट गेली की घरातले बाकीचे फोन पुरते बंद करा आणि चालू ठेवलेला फोन ओटीवर किंवा खिडकीत, जिथे रेंज चांगली मिळते तिथे ठेवा. त्याचे नेट गरजेपुरतेच लावा. 112 ला फोन लावायला तुमच्याच कंपनीची रेंज हवी असे नाही, दुसऱ्या कंपनीची असली तरी चालते. आणि चालू ठेवायचा तो फोन घरातला सर्वात नवा नको. ज्याच्या सिमला वाडीत रेंज येते तो हवा, मग तो आजीचा बटणांचा का असेना.