चेकनाक्यापुढं नाही

यंदाच्या अंकाचा विषय ‘उंबरठा’ ठरला, तेव्हा कुणी माप ओलांडणारी नवरी सुचवली, कुणी परदेशी गेलेली मुलं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र मुलुंडचा चेकनाका उभा राहिला. वर्षभर तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून आधी त्याचंच बोलतो.

माझी मावशी ८१ वर्षांची. तिला महिन्यातून दोनदा ठाण्याहून परळच्या रुग्णालयात न्यायचं असतं. रिक्षावाला चेकनाक्याला थांबतो. “पुढं नाही येणार, काका. परतीचं भाडं मिळत नाही.” दुसरी रिक्षा शीवपर्यंत, कारण त्यापुढं रिक्षाला मज्जाव. मग टॅक्सी. तिच्या डिकीत सीएनजीची टाकी, म्हणून घडीची व्हीलचेअर टपावरच्या कॅरिअरला सुतळीनं बांधायची. ती गाठ मारण्यात मी आता तरबेज झालोय. तिसऱ्यांदा उचलून बसवताना मावशी विचारते, “अजून किती वेळा उतरायचं रे?”

रिक्षावाल्याला दोष देववत नाही. रिकामं परतणं कुणाला परवडतं? पण त्याच सकाळी मुंबईहून ठाण्याला निघालेले एखादे आजोबा त्याच नाक्यावर, रस्त्यापलीकडं, काठी टेकून रिक्षा शोधत असतात. या दोघांची गाठ घालून देणारं कुणीच नाही.

मुंबई महानगर प्रदेशात ९ महापालिका आहेत. त्यांच्या बस एकमेकींच्या हद्दीत बिनदिक्कत जातात. ज्याला बसच्या पायरीवर पाय टाकता येत नाही, तो मात्र हद्दीवर अडतो. कागदांचा तुटवडा नाही. वाहतुकीची एकत्र आखणी करणारं प्राधिकरण मोठ्या शहरांत असावं, असं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं २००६ मध्येच सांगितलं. वाहतूक दिव्यांगांना वापरता आली पाहिजे, असं २०१६ चा कायदा बजावतो. आणि नाके हलत नाहीत असंही नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. माल सुटला, मोटार सुटली. मावशी अजून नाक्यावरच आहे.

अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं बस चालवणाऱ्या संस्थांवर एक जबाबदारी टाकली: ज्याला बस वापरता येत नाही, त्याच्यासाठी बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १.२ किलोमीटरपर्यंत वेगळी गाडी द्यायची. परगावच्या पात्र पाहुण्यालाही वर्षातले २१ दिवस ती मिळते. हद्दीवर गाडी बदलण्याची कटकट तिथंही आहेच. पण गाडी देणं कुणाचं काम, हे तरी ठरलेलं आहे.

आपल्याकडं सुरुवातीला एवढं पुरे: साऱ्या महापालिकांचा मिळून एक फोन नंबर, फेऱ्यांची एकच वही, रॅम्प असलेल्या थोड्या गाड्या आणि किलोमीटरच्या हिशेबानं वाटून घेतलेला खर्च. परतीची फेरी रिकामी जाणार नाही हे पाहणं, एवढंच त्या वहीचं काम.

बाकी वर्ष नेहमीचंच. कागद महागला, जाहिराती रोडावल्या, तरी अंक निघाला. कथा-कवितांवर तुमची पत्रं येतीलच. यंदा त्यात एक ओळ जास्त लिहा: तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला कुठल्या नाक्यावर उतरावं लागतं?

दिवाळीच्या शुभेच्छा. पिशवीत सुतळी असू द्या.