चूल एक, कागद दोन

तहसील कचेरीत शिधापत्रिका विभक्त करून घेण्यासाठी आलेल्या माणसांजवळ घटकाभर बसावे. आपल्या समाजाचे अर्थशास्त्र तेथे पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर उमगते. प्रस्तुत लेखकाच्या गावचे दोन भाऊ अलीकडे असेच तेथे आले होते. घर एक, चूल एक, अंथरुणाला खिळलेली आईही एकच. तिचे करण्यासाठी एक सून घरी थांबते, तेव्हा दुसरी मजुरीला जाते. तरीही ‘आम्ही विभक्त राहतो’ असे प्रतिज्ञापत्र दोघांनी करून दिले. त्यांच्यात भांडण नव्हते. त्यांना धान्य हवे होते.

हे खोटे त्यांच्या मुखातून वदविले ते कायद्याने. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. मग माणसे चार असोत की दहा. प्राधान्य कुटुंबाला मात्र माणशी ५ किलो. म्हणजे दहा माणसांचे अंत्योदय कुटुंब एकत्र राहिले की माणशी साडेतीन किलोवर येते. सर्वांत गरीब म्हणून ज्याची निवड केली, त्याच्याच ताटात बऱ्या स्थितीतील शेजाऱ्यापेक्षा कमी पडते!

रोजगाराची गोष्ट वेगळी नाही. वि. स. पागे यांच्या दूरदृष्टीतून साकारलेल्या महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिला होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ही हमी देशभर नेली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याने १०० दिवस मोजले ते कुटुंबामागे. एका चुलीवर जेवणारे चार कष्टकरी असले, तर त्या कायद्याच्या हमीतले २५ दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येत. विजेच्या चढत्या दरांचाही न्याय हाच: दोन बिऱ्हाडे एका मीटरवर आली की वरच्या टप्प्यात ढकलली जातात. एकत्र राहून जी काटकसर होते, ती सरकार दुसऱ्या हाताने काढून घेते.

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहा. आयकराच्या कायद्याने १९२२ पासून ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ हा स्वतंत्र करदाता मानला आहे. त्यासाठी एका घरात राहण्याची, एका पंगतीला बसण्याची अट नाही. मालमत्ता अविभक्त असली की पुरे. परिणामी, ज्यांच्याजवळ संपत्ती आहे ते निरनिराळ्या सदनिकांत राहून कागदोपत्री एकत्र असतात, आणि ज्यांच्याजवळ केवळ श्रम आहेत ते एका छपराखाली राहून कागदोपत्री विभक्त होतात. वर्गीय कायदा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

येथवर रक्ताच्या नात्यांविषयी झाले. ज्यांना नातेच उरलेले नाही त्यांचे काय? मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत एका गावची दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. त्या सहजीवनाने गिरणी कामगाराला तारले. पण भाडेपावतीवर नाव एकाचेच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू वारला तर हक्क जातो तो त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे, तसा कोणी नसेल तर वारसाकडे. ज्याने तीस वर्षे सोबत केली, आजारपण काढले, तो सोबती कायद्याच्या लेखी कोणीच नाही. आज दोन परित्यक्ता किंवा तीन वृद्ध विधवा एकमेकींच्या आधाराने राहू म्हणतील, तर त्यांच्यापुढेही हीच भिंत उभी आहे. शिवाय एकट्या स्त्रीला, परजातीच्या वा परधर्माच्या माणसाला खोली नाकारणाऱ्या गृहसंस्थांची भिंत आहेच.

आम्ही जुन्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गात नाही. कर्त्याच्या मुठीत तिजोरी आणि सुनेच्या वाट्याला चूल, ही व्यवस्था मोडली ते योग्यच झाले. मुलींना समान सहदायाद मानणारी महाराष्ट्राची १९९४ ची आणि केंद्राची २००५ ची दुरुस्ती ही पुढची पावले होती. परंतु बाहेर पडण्याच्या स्वातंत्र्याइतकेच स्वेच्छेने एकत्र राहण्याचे स्वातंत्र्यही मोलाचे आहे. सक्तीचे एकत्रपण जसे त्याज्य, तशीच सक्तीची फाळणीही.

म्हणून मागणी साधी आहे. धान्य आणि काम यांचा हक्क कुटुंबाला नव्हे, व्यक्तीला द्या. कोण कोणाच्या चुलीवर जेवतो याची चौकशी मग सरकारला करावी लागणार नाही. अंत्योदय कुटुंबात सातांहून अधिक माणसे असतील तेथे माणशी ५ किलोंचा हिशेब आजही लावता येईल. त्यासाठी क्रांतीची वाट पाहायला नको. आणि जे प्रौढ स्त्री-पुरुष नात्यावाचून एकत्र घर चालवतात, त्यांच्या लेखी घोषणेला भाडेहक्कापुरती तरी मान्यता द्या.

ते दोघे भाऊ आपापले कागद घेऊन त्या दिवशी एकाच एस. टी.ने एकाच घरी गेले. त्यांना खोटे बोलायला लावणारा कायदा दुरुस्त करणे, ही लाज वाटणाऱ्या समाजाची जबाबदारी आहे.