सुधारला की नाही, हे सांगायची फी कोण भरणार?



उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतून एक माय आणि तिची लेक आमच्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मायचा धाकटा मुलगा पोक्सो कायद्याखाली शिक्षा भोगतो आहे. केस खोटी नाही. त्याने गुन्हा केला, तो न्यायालयात सिद्ध झाला आणि घरच्यांनाही तो मान्य आहे. पीडित मुलगीसुद्धा आपल्याच मोहल्ल्यातली. आता सुटकेला काही महिने उरलेत. घर दोन खोल्यांचे. लेक माहेरी राहते आणि तिला सात वर्षांची मुलगी आहे.

लेकीने एकच प्रश्न विचारला, "भाऊ, तो सुदरला का नाई, हे आमाले कोन सांगन?"

आम्ही शोधाशोध केली. एका खासगी मानसशास्त्रज्ञांनी रीतसर तपासणीचे वीस हजार सांगितले, शिवाय तुरुंगात भेटीची परवानगी तुम्हीच आणा म्हणाले. माय चार घरची धुणीभांडी करते. दुसऱ्या एका ठिकाणी तीन हजारांत काम होणार होते. "एकदा आणा, अर्धा तास बोलतो, धोका नाही असं लिहून देतो." माय म्हणाली, "तीन हजाराचाच करून घ्या." लेक म्हणाली, "मला कागद नको, खरं काय ते पाहिजे."

आमचा हा लेख त्या लेकीच्या बाजूने आहे.

प्रश्न सरकारचा, बिल आईचे

पुन्हा गुन्हा होईल का, हा प्रश्न काही त्या लेकीने शोधून काढलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मण नस्कर प्रकरणात 2000 साली मुदतपूर्व सुटकेसाठी जे निकष सांगितले, त्यांत 'पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता आहे का' आणि 'कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता संपली आहे का' हे प्रश्न आहेत. 2022 मध्ये राम चंदर विरुद्ध छत्तीसगड प्रकरणात न्यायालयाने ते निकष पुन्हा अधोरेखित केले. त्याच वर्षी मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात न्यायालय आणखी पुढे गेले. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीचे मानसिक मूल्यमापन आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल सरकारनेच समोर आणावा, असे त्यात सांगितले.

म्हणजे माणसाला मारायचे की नाही हे ठरवताना मूल्यमापनाची जबाबदारी सरकारवर. मग तोच माणूस शिक्षा पूर्ण करून सात वर्षांच्या मुलीच्या घरात परत येतो, तेव्हा ती जबाबदारी धुणीभांडी करणाऱ्या आईवर कशी येते?

पूर्ण शिक्षा भोगून सुटणाऱ्याच्या बाबतीत तर हा प्रश्न सहसा कोणी विचारतच नाही. तारीख आली की दार उघडते. 2018 पासून एनसीआरबीकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, पण ती पोलीस यंत्रणेसाठी. नाव नोंदले म्हणजे धोका मोजला असे होत नाही. आणि त्या लेकीला तिचा उपयोग शून्य.

पैसेवाल्यांचे तसे नाही. त्यांच्याकडे वकील असतो, वकिलाच्या ओळखीचा डॉक्टर असतो, डॉक्टरचा जाडजूड रिपोर्ट असतो. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते आलिशान गाडीखाली मेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध आणि समुपदेशन होते. लोक निबंधावर हसले आणि संतापले, ते बरोबरच होते. पण समुपदेशनाकडे आपले लक्ष गेले नाही. आपल्या वस्तीतल्या किती पोरांना पहिल्याच दिवशी समुपदेशक मिळतो?

आपला धोका आधीच मोजून ठेवलाय

गरिबाबद्दल सरकार काहीच मोजत नाही, असे मात्र समजू नका. या देशात धोका मोजण्याचे सर्वांत मोठे काम 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने केले. त्यात मुलाखत नव्हती, तपासणी नव्हती. जन्म हाच पुरावा. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण त्याची जागा सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा तसा कायदा 1959 चा. पारधी वस्तीत आजही चोरी झाली की पहिली जीप कुठे जाते, हे सांगायची गरज नाही. तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा, हे सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता प्रकरणात सांगावे लागले. प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तराव्या वर्षी!

फर्लो-पॅरोलच्या अर्जावरही तेच. पोलीस वस्तीत येतो, चार लोकांना विचारतो आणि 'शांततेस बाधा येण्याची शक्यता' लिहून जातो. हे मूल्यमापन नाही. हा जुनाच शिक्का नव्या कागदावर मारला आहे.

म्हणून खासगी तज्ज्ञांच्या तक्त्यांकडेही आपण डोळे उघडे ठेवून बघायला हवे. ही साधने बहुतेक कॅनडा, अमेरिका, युरोपात तयार झाली. पहिला गुन्हा किती वयात, शिक्षण कुठे सुटले, नोकरी टिकली का, दारू, संगत, असे प्रश्न त्यांत असतात. यातले बरेच प्रश्न योग्य आहेत. पण ज्या वस्तीत निम्म्या पोरांची शाळा दहावीच्या आत सुटते, तिथे हा तक्ता माणूस मोजतो की गरिबी? कॅनडातल्या एवर्ट आडनावाच्या, आदिवासी वंशाच्या कैद्याने हाच प्रश्न न्यायालयात नेला. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही साधने आदिवासी कैद्यांना लागू पडतात याची खात्री न करताच तुरुंग खात्याने ती वापरली आणि त्यामुळे कायद्याने घातलेले कर्तव्य पाळले नाही. आपल्याकडे हा प्रश्न कोण विचारणार? आपणच.

चांगले मूल्यमापन अर्ध्या तासात होत नाही. निकालपत्र वाचावे लागते, तुरुंगातली वागणूक बघावी लागते, माणसाशी अनेकदा बोलावे लागते, घरच्यांना वेगळे भेटावे लागते. न बदलणाऱ्या गोष्टी आणि बदलता येणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. शेवटी 'चांगला' किंवा 'वाईट' असा शिक्का येत नाही. कोणत्या परिस्थितीत धोका वाढतो, कशाने कमी होतो, कोणापासून लांब ठेवायचे, कोणते उपचार हवेत, पुन्हा कधी तपासायचे, हे येते. आणि जो अहवाल 'धोका आहे' असे लिहूच शकत नाही, तो तीन हजारांचा असो की वीस हजारांचा, रद्दी आहे.

आता आपल्याच चळवळीला

मित्रांनो, इथे आपल्याला स्वतःलाही बोल लावावा लागेल. खोट्या केसमध्ये अडकलेल्या पोरासाठी आपण मोर्चा काढतो, काढलाच पाहिजे. पण ज्याने खरोखर गुन्हा केला, त्याच्या घरच्यांना आपण कार्यालयाच्या पायरीवरून परत पाठवतो. "असल्यांना फाशीच पाहिजे," म्हणतो. फाशी कोणाला होते ते एकदा बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालात फाशीच्या कैद्यांपैकी 76 टक्के मागासवर्गीय आणि धार्मिक अल्पसंख्याक होते. आणि बाकीचे हजारो गुन्हेगार शिक्षा संपवून परत येतात. कुठे? सिव्हिल लाइन्समध्ये नाही. आपल्याच गल्लीत, आपल्याच लेकींच्या शेजारी.

त्यामुळे आमची मागणी गुन्हेगाराची कीव करणारी नाही. ती त्या सात वर्षांच्या पोरीसाठी आहे, आणि जिच्यावर अन्याय झाला त्या पोरीसाठी आहे. तिच्या घरच्यांना तो सुटतोय हे कोणी कळवले का, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये अंगुलीमालाची कथा घेतली. आपण ती 'डाकू सुधारला' एवढीच सांगतो. पण बुद्धांनी त्याला मोकळा सोडला नव्हता, संघाच्या शिस्तीत घेतला होता. आणि विनयपिटक सांगते, की त्याला पाहून लोक घाबरले, तक्रार केली, तेव्हा कुप्रसिद्ध चोराला यापुढे प्रव्रज्या देऊ नये असा नियम बुद्धांनी केला. माणूस बदलू शकतो यावर विश्वास, आणि लोकांच्या भीतीचीही दखल. दोन्ही एकत्र. आम्हाला हाच धम्म कळतो.

मागण्या आणि काम

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि कोठडीतील व्यक्ती मोफत विधी सेवेस पात्र आहेत. म्हणजे ती लेकसुद्धा पात्र आहे. पण आम्ही चौकशी केली तेव्हा वकील मिळेल, तज्ज्ञ मिळणार नाही, असे उत्तर आले. म्हणून:

1. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकिलांप्रमाणेच मानसशास्त्रज्ञ आणि मनोसामाजिक कार्यकर्त्यांचे पॅनेल करावे. फी सरकारने भरावी.

2. गंभीर लैंगिक व हिंसक गुन्ह्यांत सुटकेच्या किमान सहा महिने आधी मूल्यमापन आणि उपचार सुरू व्हावेत. घरच्यांना त्यातल्या सुरक्षिततेच्या सूचना मराठीत समजावून सांगाव्यात.

3. जात, वस्ती, नातेवाइकांवरच्या केसेस यांवरून धोका ठरवू नये. वापरायचे साधन आपल्या समाजात तपासलेले असावे.

4. पुरेसे परिवीक्षा अधिकारी नेमावेत. 1958 चा परिवीक्षा कायदा कागदावर राहून उपयोग नाही.

यासाठी निवेदन तयार करतोय. प्रत्येक जिल्ह्यातून द्यायचे आहे. एमएसडब्ल्यू आणि मानसशास्त्र शिकणाऱ्या भीमसैनिकांनो, महिन्यातला एक रविवार या घरांसाठी द्या. नाल्साचा 15100 आणि चाइल्डलाइनचा 1098 हे क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहा.

आणि त्या लेकीला आम्ही काय सांगितले? तो सुधारला की नाही हे आम्हाला सांगता येत नाही, आणि आमच्या अंदाजावर पोर सोपवू नकोस. सध्या त्याची राहायची सोय दुसरीकडे करू. पोरीला त्याच्याजवळ एकटी ठेवायची नाही, सणालासुद्धा नाही. काही घडले तर दाबायचे नाही. मायला हे ऐकून रडू आले. लेकीने मान हलवली आणि विचारले, "मंग तपासणीचं काय?"

त्याचे उत्तर सरकारकडून आणायचे आहे. चला.

जयभीम! नमो बुद्धाय!