अब्बांचे हात की गाडीचा दोष?

गेल्या रमजान ईदनंतर आमच्या घरात अब्बांच्या गाडीची चावी लपवण्यात आली. लपवली धाकट्या भावाने, पण खरे सांगायचे तर संमती माझीही होती. अब्बांचे वय ७४, गाडीचे १८. तक्रारी दोन. गाडी सारखी डावीकडे जाते आणि वळणावर अब्बा हॉर्न देत नाहीत. कुंभार्ली घाटात एका आंधळ्या वळणावर समोरून एस.टी. आली, तेव्हा शेजारी बसलेल्या भावाच्या तोंडचे पाणी पळाले. घरी येताच त्याने जाहीर केले, "अब्बांचे हात आता थकले."

अब्बा एवढेच म्हणाले, "मी दाबला होता रे. सरळ असताना वाजतो, वळवला की मुका होतो."

आम्ही ते ऐकले आणि सोडून दिले. त्याआधी एका गॅरेजवाल्याने नवा हॉर्नही बसवून दिला होता. पैसे गेले, तक्रार तशीच राहिली.

वर्गात एखादे मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवते, आपण रागावतो आणि सहा महिन्यांनी कळते की त्याला चष्मा हवा होता. मला ते आठवले आणि रविवारी मी वही घेऊन गाडीपाशी गेले. म्हटले, "अब्बा, पुन्हा सांगा. जसे घडते तसे."

आधी हॉर्न. गाडी उभी, चाके सरळ, बटण दाबले. हॉर्न खणखणीत वाजला. स्टिअरिंग उजवीकडे अर्धा फेरा वळवून दाबले, आवाज नाही. परत सरळ केले, वाजला. अब्बांचे वाक्य शब्दशः खरे ठरले.

आता विचार करा. बॅटरी, फ्यूज, रिले आणि खुद्द हॉर्न, यांपैकी कोणालाही स्टिअरिंग कोणत्या बाजूला वळले आहे हे ठाऊक नसते. म्हणजे दोष त्यांच्यात नाही. तो स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या भागात असणार. चाक फिरते, पण खालची वायर फिरू शकत नाही. म्हणून एअरबॅग नसलेल्या जुन्या गाड्यांत चाकाखाली तांब्या-पितळेची गोल कडी असते आणि तिला स्प्रिंगने दाबलेला कॉन्टॅक्ट घासत राहतो. ती कडी एका बाजूला झिजली किंवा काळवंडली, की तेवढ्या कोनात वीज तुटते. मिस्त्रींनी चाक उतरवले तेव्हा नेमके तेच निघाले. कडी घासून साफ केली, कॉन्टॅक्ट बदलला, काम झाले.

मात्र एक सावधगिरी. तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर ते घरी उघडू नका. तिथे कडीऐवजी गुंडाळलेली चपटी केबल असते. ती तुटली की हॉर्न बंद पडतो आणि बहुधा एअरबॅगचा दिवाही पेटतो. ते काम जाणकाराचेच.

हॉर्न कोणत्याच स्थितीत वाजत नसेल तर क्रम असा ठेवा. प्रथम फ्यूज पाहा. तो ठीक असेल तर एकाने बटण दाबावे आणि दुसऱ्याने रिलेजवळ कान द्यावा. 'टिक' ऐकू आली तर बटण काम करते आहे; दोष बहुधा हॉर्नमध्ये, त्याच्या वायरीत किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये असतो. 'टिक' नसेल तर रिले, बटण आणि त्यांच्यामधली वायर तपासायची. नवा हॉर्न घेण्याची पाळी सर्वांत शेवटी.

मग स्टिअरिंगकडे वळलो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर सर्वांत स्वस्त तपासणी टायरच्या हवेची. टायर थंड असताना मोजायची. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. आमच्या पुढच्या उजव्या टायरमध्ये २९ होती, डाव्यात १९! बारीक खिळा रुतून हवा हळूहळू जात होती. हवा समान असूनही गाडी ओढत असेल तर अलाइनमेंट पाहावे. फेरी मारून आल्यावर एकच चाक जास्त तापलेले आढळले तर ब्रेक चिकटत असावा. ओढत नाही, पण ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे.

पंक्चर काढल्यावर ओढणे थांबले, तरी स्टिअरिंग सैल वाटत होते. त्याला गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात. चाके सरळ ठेवून स्टिअरिंग बोटांनी हलकेच डावी-उजवीकडे हलवा आणि पुढची चाके हलू लागेपर्यंत ते किती फिरते ते कडेवर पट्टीने मोजा. पॉवर स्टिअरिंग असेल तर मोजताना इंजिन चालू ठेवा. छोट्या गाड्यांत साधारण ३० मिलीमीटरपर्यंत चालते. आमचे ६० भरले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ३० अंशांची मर्यादा आहे, म्हणजे घड्याळातले पाच मिनिटांचे अंतर. पण घाटात चालणाऱ्या गाडीने तिथवर वाट पाहू नये. डावा टाय रॉड एंड झिजला होता. तो बदलला आणि लगेच अलाइनमेंट करून घेतले. टाय रॉडला हात लागला की ते करावेच लागते. आणि कोणीही नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

झिजलेली कडी, खिळा रुतलेला टायर आणि सैल टाय रॉड एंड, असे तीन दोष निघाले. तिन्ही गाडीचे. आम्ही मात्र ते एका म्हाताऱ्या माणसाच्या हातांच्या नावावर लिहून मोकळे झालो होतो.

भावाने चावी पुन्हा खिळ्याला अडकवली, काही न बोलता. अब्बांनी ती लगेच उचलली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बेटा, गाडी तपासलीस, आता माझे डोळेही तपासून घेऊ." डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. रात्री गाडी चालवायची नाही, हे अब्बांनी स्वतःच ठरवले.

तुमच्या घरातही कोणी वडीलधारे जुन्या गाडीची तक्रार करत असतील. त्यांचे वाक्य जसेच्या तसे वहीत लिहून घ्या आणि मगच मिस्त्रींकडे जा.