जुन्या पत्त्यास नवा उपसर्ग

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकास टपालाप्रमाणें पत्ता लागतो. १९८१ सालीं ठरलेल्या चौथ्या आवृत्तीच्या नियमांत हा पत्ता ३२ स्थानांचा असून प्रत्येक स्थानीं शून्य किंवा एक येवढाच अंक येतो. त्यामुळें एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटीच होतात. वांटप करणाऱ्या मध्यवर्ती संस्थेनें त्यांतील शेवटचे पांच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजीं प्रादेशिक संस्थांस देऊन टाकले. ही टंचाई ओळखूनच १९९५ सालीं सहाव्या आवृत्तीचे नियम प्रसिद्ध झाले होते. त्यांत पत्ता १२८ स्थानांचा आहे.

अडचण अशी कीं, या दोन आवृत्त्यांस परस्परांची भाषा कळत नाहीं. ज्या फोनास केवळ नवा पत्ता मिळाला आहे, त्यास जुन्याच पत्त्यावरील एखाद्या ग्रंथालयाची सूचि थेट उघडतां येणार नाहीं. सूचि तेथें आहे, वाचक येथें आहे. मध्यें वाट मात्र नाहीं. मग जुनें तें टाकावें काय? आमच्या मतें मुळींच नाहीं.

यावरील एक उपाय एप्रिल २०११ मध्यें नियमबद्ध झाला. संगणकाचें नांव सांगितलें असतां त्याचा पत्ता देणारी एक नामसेवा असते. तीस केवळ जुनाच पत्ता सांपडला, तर ती त्याच्या आधीं ९६ स्थानांचा ठरीव उपसर्ग जोडते व १२८ स्थानांचा पत्ता फोनाच्या हातीं देते. त्या पत्त्यावर निघालेला निरोप वाटेंतील दुभाष्याकडे जातो. तो उपसर्ग काढून जुना पत्ता ओळखतो, जुन्या नियमांप्रमाणें निरोप पुढें धाडतो आणि उत्तर नव्या नियमांत आणून देतो. व्याकरण शिकलेल्यांस ही युक्ति परकी वाटूं नये. उपसर्ग लागला म्हणून धातु नाहींसा होत नाहीं.

मात्र ज्या आज्ञावलींत नांवाऐवजीं जुना अंकी पत्ताच लिहून ठेविला असेल, ती नामसेवेस विचारीतच नाहीं. मग उपसर्ग जोडावा कोणीं? ॲपल कंपनीनें १ जून २०१६ पासून आपल्या भांडारांत येणारें प्रत्येक ॲप केवळ नव्या नियमांच्या जाळ्यावरही चाललें पाहिजे अशी अट घातली, तेव्हां पुष्कळांस हा दोष दुरुस्त करावा लागला.

शाळा, ग्रंथालयें व संस्था चालविणाऱ्या वाचकांस आमची सूचना इतकीच : आपली सेवा आंकड्यानें नव्हे, नांवानें ओळखली जावी; आणि शक्य होतांच तीस जुन्याच्या जोडीस नवाही पत्ता घ्यावा. दोन्ही पत्ते एकत्र सुखानें नांदतात. दुभाष्या सोयीचा खरा, पण घरच्या माणसासच दोन्ही भाषा आल्या तर त्याहून बरें.