रिकाम्या जागांचे व्याकरण

आशय आणि रूप परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत, असे आपण साहित्याच्या वर्गात सांगत आलो आहोत. संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी मात्र ही दोन्ही हेतुपुरस्सर वेगळी केली. पानाची रचना टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात, आधीच ठरते. नाव, आकडा, बातमी हा बदलता मजकूर वाचक पान उघडतो तेव्हा साच्यातील रिकाम्या जागांत येऊन बसतो. छंदात लिहिणाऱ्या कवीपुढेही साचा असतोच, पण त्यात कोणता शब्द बसवायचा हे तो स्वतः ठरवतो. डिझायनरला येणारा शब्द ठाऊकच नसतो. मग त्या न पाहिलेल्या शब्दावर त्याचा अधिकार किती असावा?

या प्रश्नाला दोन उत्तरे दिली गेली आहेत. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातील टेरेन्स पार यांनी २००४ मधील आपल्या निबंधात कठोर भूमिका घेतली. साच्याने माहितीवर गणित करू नये, मूल्यांची तुलना करू नये. असे निर्णय मूळ प्रोग्रॅमने घ्यावेत. निर्णय दोन ठिकाणी विखुरले की गोंधळ वाढतो, हा त्यामागील विचार रास्तच आहे. दुसरे उत्तर जँगो या प्रणालीचे. कॅन्ससमधील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या वेब विभागात ती घडली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. पान रचणारा बहुधा प्रोग्रॅमर नसून डिझायनर असतो, हे तिने गृहीत धरले. त्याला पायथॉन शिकावे लागू नये म्हणून 'असेल तर', 'प्रत्येकासाठी' अशा मोजक्या खुणा दिल्या. तारीख कशी दिसावी, लांब मजकूर कितव्या शब्दावर तोडावा, हे ठरवणारे फिल्टर दिले.

माझा कौल दुसऱ्या उत्तराला आहे, आणि त्याचे कारण मराठीच्या व्याकरणात आहे. शोधाच्या निकालाचे साधे वाक्य घ्या. '१ लेख सापडला', '५ लेख सापडले'. '१ कविता सापडली', '५ कविता सापडल्या'. '१ नाटक सापडले', '५ नाटके सापडली'. इंग्रजीत बहुतेक वेळा नामाला 'एस' जोडला की भागते. जँगोचा बहुवचनाचा फिल्टरही मुळात तेवढेच करतो. मराठीत लिंग आणि वचन दोन्ही क्रियापदापर्यंत पोहोचतात. संख्या एक आहे की अनेक, एवढे पाहण्याची मुभाही साच्याला नसेल, तर वाक्य घडवण्याचे काम प्रोग्रॅमरच्या गळ्यात पडते. खरे तर वाक्याचे रूप हा मांडणीचाच भाग आहे. त्याला गणित म्हणून साच्याबाहेर काढणे म्हणजे भाषेलाच मांडणीबाहेर काढणे होय.

सामान्यरूपाची अडचण याहून मोठी आहे. रिकाम्या जागेपुढे 'मध्ये' लिहून ठेवले की 'पुणे मध्ये पाऊस', 'ठाणे मध्ये पाऊस' अशी वाक्ये तयार होतात. येथे साच्यातील अटही पुरत नाही. शहराच्या नावासोबत 'पुण्यात' हे रूपही माहितीत नोंदलेले हवे, आणि ते मागण्याचा हक्क साचा रचणाऱ्याला हवा. निदान 'शहर: पुणे' अशी विभक्तीला वळसा घालणारी मांडणी करण्याचे स्वातंत्र्य तरी हवे.

हा अधिकार अमर्याद असावा, असे मात्र नाही. शॉपिफायने २००६ पासून वापरात आणलेल्या लिक्विड या साचाभाषेत मुद्दामच थोडे शब्द ठेवले आहेत. दुकानदाराने स्वतःचा साचा बदलला तरी सर्व्हरला धोका पोहोचू नये, म्हणून. सत्ता मर्यादित होती, म्हणूनच ती परक्याच्या हाती निर्धास्तपणे देता आली. मर्यादा हव्यातच, पण त्या आखताना समोर केवळ इंग्रजी वाक्य असू नये.

आपल्या दृष्टीने हा प्रश्न परका नाही. उपयोजित मराठीच्या तासाला आपण बातमी आणि जाहिरात शिकवतो. रिकामी जागा असलेले वाक्यही आता फळ्यावर यायला हवे. त्या जागेत 'कोल्हापूर' आले तर काय होईल, 'सातारा' आले तर काय होईल, हे विद्यार्थ्यांना विचारावे. ज्याला हे उत्तर देता येते, त्याचा शब्द साचा घडवताना ऐकला गेला पाहिजे.